आरोग्यसेवेतील संवाद आणि मराठीतील लिंगदर्शक रूपे

मागील उपघटकात आपण क्रियापदाची लिंगानुसार बदलणारी रूपे पाहिली. हा भाग तुम्हांला परीक्षेपुरता वाटला असेल. दवाखान्यात केस पेपर काढण्याच्या खिडकीशी मात्र तो काही रुग्णांच्या प्रकृतीचा प्रश्न होतो. तुमच्यापैकी काही जण परिचारिका, आशा कार्यकर्ती किंवा आरोग्यसेवक म्हणून नोकरी सांभाळून शिकत असतील. समलिंगी आणि तृतीयपंथी रुग्णांशी कसे बोलावे, याचे प्रशिक्षण अशा कर्मचाऱ्यांना देताना मराठीच्या अभ्यासकाने काय सांगावे, ते येथे पाहू.

मराठी बोलणाऱ्या व्यक्तीला आपले लिंग बहुधा पहिल्याच वाक्यात सांगावे लागते : ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’. समजा, कागदपत्रांवर पुरुषाचे नाव असलेली एक पारलिंगी स्त्री खिडकीशी म्हणते, ‘मी काल आले होते.’ उत्तर येते, ‘काल आला होतास, मग कागद कुठे आहेत?’ येथे कोणी शिवी दिलेली नाही, आवाजही चढवलेला नाही. केवळ रूप बदलले. पण तिने स्वतःविषयी जे सांगितले ते सर्वांसमोर खोडून टाकले गेले. ती पुन्हा त्या रांगेत उभी राहील का? क्षयरोगाच्या गोळ्यांत खंड पडायला एवढे कारण पुरते.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी ‘नाल्सा’ खटल्याच्या निकालात व्यक्तीने स्वतः सांगितलेली लिंगओळख मान्य केली. पुढे 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने या समूहांविषयीचा अवमानकारक मजकूर पाठ्यपुस्तकांत असू नये, अशी सूचना दिली. पण खिडकीवरचा कर्मचारी ही पाठ्यपुस्तके वाचत नाही. त्याच्या हाती असते ती रोजची बोली.

या बोलीतच सोय आहे. ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ यांत निवड करावी लागते. ‘तुम्ही आलात’ हे रूप सर्वांना चालते. ‘गोळी घेतोस का?’ ऐवजी ‘गोळी घेता का?’ म्हटले की आदरही राखला जातो आणि अंदाजही बांधावा लागत नाही. ‘मला ताप आहे’, ‘माझे पोट दुखते’ अशी दुखण्याची वाक्येही लिंग उघड करीत नाहीत. अडचण येते ती तृतीय पुरुषात. ‘ह्यांना आत पाठवा’ हे निभावते. ‘ते आले’ की ‘त्या आल्या’ येथे मात्र निवड अटळ असते. तेव्हा रुग्णाने स्वतःसाठी वापरलेले रूप ऐकावे. अर्थात, कोल्हापूरकडच्या अनेक स्त्रिया सहज ‘मी जातो’ म्हणतात, त्यामुळे केवळ रूपावर विसंबू नये. शंका असल्यास ‘तुम्हांला काय म्हणून हाक मारू?’ असे हळू आवाजात विचारावे.

समलिंगी रुग्णांची अडचण निराळी आहे, कारण त्यांच्या बाबतीत क्रियापदाच्या रूपावरून काहीच कळत नाही. तेथे घात करतो तो आपला सोवळा प्रश्न : ‘लग्न झालंय का?’ विचारणाऱ्याला शरीरसंबंधांविषयी विचारायचे असते. ऐकणारा लग्नाविषयी उत्तर देतो. पुरुषांशी संबंध असलेला विवाहित पुरुष ‘हो’ म्हणतो, मैत्रिणीसोबत राहणारी स्त्री ‘नाही’ म्हणते. दोघेही खरे बोलतात आणि डॉक्टरांपर्यंत चुकीची माहिती पोहोचते. माझ्या मते प्रशिक्षणाचा आरंभ या प्रश्नापासूनच करावा. ‘कोणाशी शारीरिक संबंध आहेत का? पुरुषांशी, स्त्रियांशी की दोघांशी?’ हे एकांतात, नेहमीच्या स्वरात विचारता येते. पहिल्या काही वेळा जीभ अडखळेल, एवढेच.

शब्दांविषयी एक सूचना. ‘समलिंगी’ हा शब्द आकर्षणाविषयी आहे, ‘तृतीयपंथी’ हा ओळखीविषयी. त्यांची सरमिसळ करू नये. ‘हिजडा’ हा शब्द समाजातील काही व्यक्ती स्वतःसाठी अभिमानाने वापरतात, परंतु तोच कर्मचाऱ्याच्या तोंडी अपमान ठरू शकतो.

स्वाध्याय : जवळच्या आरोग्य केंद्रातील कोरा केस पेपर मिळवा. त्यातील कोणते शब्द रुग्णाचे लिंग किंवा वैवाहिक स्थिती गृहीत धरतात ते शोधा आणि तो मराठीत नव्याने लिहा.