डोळस शुश्रूषा

रोग्याला वेळेवर औषध पाजले की शुश्रूषा झाली, असे पुष्कळांना वाटते. परंतु रोग्याकडे नीट पाहणे, पाहिलेले पारखणे आणि मग काय करावे ते ठरविणे, हेच शुश्रूषेचे खरे मर्म होय.

आपल्या विदर्भातील गडचिरोली जिल्ह्यात तान्ही मुले न्यूमोनियाने दगावत. दवाखाना दूर असे. सुईण मात्र गावातच असे. पण अनेक सुइणींना दहा-बारापलीकडे मोजता येत नसे. तेव्हा डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी मण्यांचे एक साधे उपकरण तयार केले. मिनिटभरात मुलाचे श्वास मोजावयाचे आणि दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. दोन महिन्यांखालील मुलाचे श्वास मिनिटाला ६० वा अधिक भरले, तर धोका समजावयाचा.

मणी मोजतात, विचार मात्र माणसासच करावा लागतो. रडणाऱ्या मुलाचा श्वास जलद चालतो, म्हणून त्यास आधी शांत करावे लागते. आकडा कमी असूनही मूल दूध ओढीत नसेल, अंग गार पडले असेल, तर विलंब करून चालत नाही.

पुढे ३९ गावांतील शिकविलेल्या स्त्रियांनी नवजात बालकांची अशीच काळजी घेतली. इतर गावांच्या तुलनेत तेथील नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ साली प्रसिद्ध झाले.

पारशिवनीची परिचारिका असो वा मुंबईची, तिच्या हाती औषध असते; ते सार्थ होते तिच्या विवेकाने.

स्वाध्याय
१. मूल रडत असता श्वास का मोजू नयेत?
२. 'मणी मोजतात, विचार मात्र माणसासच करावा लागतो' हे विधान स्पष्ट करा.