लिंबूसत्त्व, लोहाचं टॉनिक आणि कुपोषित मूल

मंडळी, गेल्या वर्षी आपल्या मंडळाने मेळघाटातील कुपोषित मुलांसाठी लोहाच्या टॉनिकच्या बाटल्या आणि प्रोटीन पावडरचे डबे गोळा केले होते. दोन मोठी खोकी भरली. पाठवण्याआधी तिकडे काम करणाऱ्या एका बालरोगतज्ज्ञांना फोन केला, तर ते म्हणाले, "तीव्र कुपोषित मुलाला सुरुवातीला यातलं काहीही द्यायचं नाही." आम्ही गारच पडलो! मग जे वाचलं, विचारलं, ते इथे मांडतो आहोत.

आपण ढोकळ्यात घालतो ते लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, आपल्या पेशींतही सतत तयार होत असतं. अन्नातून ऊर्जा काढणारं जे रहाटगाडगं आहे, त्याची सुरुवात त्याच्यापासून होते. १९३७ साली इथे ब्रिटनमध्येच, शेफील्डला, हान्स क्रेब्ज यांनी कबुतराच्या स्नायूंवर प्रयोग करून ते उलगडलं. ('नेचर'ने त्यांचा लेख परत पाठवला होता. पुढे १९५३ मध्ये याच कामाला नोबेल मिळालं.)

दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या मुलाच्या शरीरात सगळंच काटकसरीने चालतं. हृदय, यकृत, मूत्रपिंड मंदावतात. पेशींतलं पोटॅशियम कमी होतं, सोडियम साठतं. सुकटीत हाडं दिसतात, ते कळतं तरी. सुजवटीत पावलं आणि चेहरा सुजतो, आणि घरच्यांना वाटतं मूल बाळसं धरतंय. अशा मुलाला एकदम भरपेट भरवलं तर हृदय थकून ते दगावू शकतं. लोहही शरीराला वापरता येत नाही. उलट त्याने जंतुसंसर्ग बळावतो.

म्हणून आधी एफ-७५ हे पातळ दूध: १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडं थोडं. सोबत प्रतिजैविकं. त्या दुधात मिसळायच्या क्षारांत पोटॅशियम सायट्रेट असतं, म्हणजे पुन्हा आपलं लिंबूसत्त्वच. त्यातून पोटॅशियम भरून निघतं, आणि सायट्रेट त्या रहाटगाडग्यात जळून रक्तातली आम्लता कमी करतं. भूक परतली, सूज उतरू लागली की मग दाट एफ-१००. लोह त्याहीनंतर, वजन वाढायला लागल्यावर.

खरी अडचण दुधाची नाहीच. केंद्रात मुलाजवळ दोन-दोन आठवडे आई हवी. तिची मजुरी बुडते, घरी दुसरी लेकरं असतात. मग ती मूल उचलून मधूनच निघून जाते. त्यामुळे यंदाचा निधी आम्ही आईच्या बुडालेल्या मजुरीसाठी, जेवणासाठी आणि दंडघेर मोजायच्या पट्ट्यांसाठी ठेवला आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला, की त्याला ताबडतोब उपचार हवेत.

टॉनिकच्या बाटल्या ज्याच्या त्याला परत केल्या. प्रोटीनचे डबे आपल्या क्रिकेटच्या पोरांनी विकत घेतले. ते पैसेही निधीत जमा आहेत.