‘बेस्ट ऑफ’मध्ये बेस्ट का सापडत नाही?

प्रश्न : पुतण्याने मला डिक्सी ड्रेग्ज या अमेरिकी बँडचा ‘द बेस्ट ऑफ द ड्रेग्ज : डिव्हायडेड वी स्टँड’ हा संग्रह ऐकवला. गाणारा जवळजवळ कुणी नाही, पण ऐकताना मजा आली. मग तोच म्हणाला, ‘काका, यांची सर्वांत गाजलेली धून यात नाहीच!’ असे असेल तर ‘बेस्ट’ कसले? आणि ही निवड करते कोण?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत (जि. नाशिक)

उत्तर : पुतण्याचे म्हणणे खरे आहे. तो बहुधा ‘टेक इट ऑफ द टॉप’बद्दल बोलत असावा. बीबीसी रेडिओ वनवरच्या ‘फ्रायडे रॉक शो’ची ती ओळखधून होती. बँडचे नाव कधी न ऐकलेल्या इंग्रज श्रोत्यांनाही ती पाठ झाली. पण ती आहे १९७८च्या ‘व्हॉट इफ’ या अल्बमातली, आणि तो अल्बम काढला होता कॅप्रिकॉर्न कंपनीने. तुमचा संग्रह १९८९चा, अरिस्टा कंपनीचा. गोम इथेच आहे.

मूळ ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर, बहुतेक वेळा वादकाच्या मालकीचे नसते. ज्या कंपनीने स्टुडिओचा खर्च केला तिचे असते. पिंपळगावकरांना हे फोड करून सांगायला नको. खळ्यावर कांद्याची कितीही कसोशीने प्रतवारी करा, गोल्टी बाजूला काढा, निवड होते ती आपल्या खळ्यावर पडलेल्या मालातूनच. शेजारच्या खळ्यावर याहून सरस कांदा असला तरी तो विकत घ्यावा लागतो. इथेही दुसऱ्या कंपनीला पैसे मोजून परवाना घेता येतो. हातोहात खपणाऱ्या कलाकारासाठी कंपन्या तो घेतातही. ड्रेग्जना समीक्षकांनी डोक्यावर घेतले, पण त्यांचा खप बेताचा. त्यांच्यासाठी एवढी यातायात कोण करणार?

या बँडला दोन कंपन्या का लागल्या, तेही ऐकण्यासारखे आहे. गिटारवादक स्टीव्ह मोर्स आणि बेसवादक अँडी वेस्ट जॉर्जिया राज्यातले. बँड आकाराला आला तो मायामी विद्यापीठात. मेकन शहरातली कॅप्रिकॉर्न म्हणजे सदर्न रॉकचे माहेरघर. ऑलमन ब्रदर्स तिथलेच. त्यांच्या गोतावळ्यातल्या चक लेव्हेल आणि ट्विग्ज लिंडन यांनी ड्रेग्जचे नाव कंपनीपुढे ठेवले आणि १९७७मध्ये ‘फ्री फॉल’ आला. त्यात व्हायोलिन एका क्षणी खेड्यातल्या नाचाचे सूर काढते, पुढच्याच क्षणी जाझच्या वाटेला लागते आणि गिटार मागे न राहता त्याच्याशी झुंजते. ‘व्हॉट इफ’चा निर्माता केन स्कॉट. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडच्या ‘बर्ड्स ऑफ फायर’चे ध्वनिमुद्रणही त्याच्याच हातचे. त्या ऑर्केस्ट्राचा जॉन मॅक्लॉफ्लिन पुढे आपल्या मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्यासोबत ‘शक्ती’त वाजवू लागला. म्हणजे नातेसंबंध काढायचेच ठरवले, तर हा बँड आपल्याला फारसा परका नाही.

१९७९मध्ये कॅप्रिकॉर्नचे दिवाळे निघाले. अरिस्टाने बँडला घेतले आणि १९८० ते १९८२ या काळात तीन अल्बम काढले. मधल्या अल्बमाच्या वेळी ‘डिक्सी’ गळून नुसते ‘द ड्रेग्ज’ उरले. तुमच्या संग्रहावर तेच नाव आहे. तिसऱ्यात, रेडिओवर वाजावे म्हणून, बाहेरचे गायकही आणले. माझ्या कानाला ती गाणी उसनी वाटतात. तुमचा संग्रह या तिघांतूनच वेचलेला आहे. कॅप्रिकॉर्नच्या ‘फ्री फॉल’मधली ‘क्रूझ कंट्रोल’ त्यात दिसते, कारण अरिस्टाकडे आल्यावर बँडने ती पुन्हा ध्वनिमुद्रित केली होती.

निवड कोण करते? शेवटचा शब्द कंपनीचा. वादकांना कधी विचारतात, कधी विचारत नाहीत. कंपनीच्या दृष्टीने हा स्वस्तातला व्यवहार : स्टुडिओ नको, नवा खर्च जवळजवळ नाही. त्यातून एलपीवर जेमतेम पाऊण तास मावायचा, सीडीवर सव्वा तास. सीडी नवी होती तेव्हा असे संग्रह उगाच बोकाळले नाहीत.

आपल्याला ‘निवडक’ म्हणजे ‘सगळ्यातून निवडलेले’ असे वाटते, त्याला कारण एचएमव्ही. कित्येक वर्षे मराठीतले बहुतेक ध्वनिमुद्रण तिच्याकडेच व्हायचे, त्यामुळे तिचा संग्रह कलाकाराच्या कारकिर्दीला बराचसा कवेत घेई. कॅसेट आली आणि वाटण्या झाल्या. वसंतराव देशपांड्यांचेच घ्या. नाट्यपदे एचएमव्हीकडे, तर मैफलींची काही ध्वनिमुद्रणे पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसकडे. एका घरचा संग्रह ऐकून वसंतराव कळले म्हणणाऱ्याला अर्धेच वसंतराव भेटतात. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे ही वाटणी लवकर मिटणारी नाही.

तेव्हा संग्रह हाती आला की मुखपृष्ठावरच्या ‘बेस्ट’पेक्षा मागच्या बाजूची बारीक अक्षरे आधी वाचा : कंपनी कोणती, ध्वनिमुद्रणाची साले कोणती. ड्रेग्जपुरते सांगायचे तर आता ‘व्हॉट इफ’ ऐका, मग १९७९चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग ड्रेग्ज’. त्याचा अर्धा भाग स्वित्झर्लंडच्या माँत्रो महोत्सवातल्या प्रत्यक्ष कार्यक्रमाचा आहे. आणि पुतण्याला डीप पर्पल या बँडचे ‘बॉम्बे कॉलिंग’ हे चित्रमुद्रण शोधायला सांगा. एप्रिल १९९५मध्ये मुंबईत झालेल्या त्या कार्यक्रमात गिटारवर आहे तो हाच स्टीव्ह मोर्स.