नाकारलेला दावा आणि न्यायालय

परदेशात संरक्षण मागणाऱ्या माणसाचा दावा शासनाने फेटाळला म्हणजे तो न्यायालयाकडे वळतो. न्यायाधीश सारी हकीकत पुन्हा ऐकून आपल्याला आश्रय देतील, अशी त्याची अपेक्षा असते. ती बहुधा फोल ठरते. या माणसाला मायदेशी धोका आहे काय, हे न्यायालयीन पुनर्विलोकनात ठरवले जात नाही. ज्याने दावा नाकारला त्याने तो कायद्याला धरून व न्याय्य रीतीने तपासला काय, एवढेच पाहिले जाते. हा भेद वरवर कोरडा वाटतो. तो तसा नाही, हे हाँगकाँगमधील एका खटल्यावरून ध्यानात येते.

निर्वासितांविषयीचा १९५१ चा करार हाँगकाँगला कधीच लागू करण्यात आला नाही. छळविरोधी करार मात्र ब्रिटिश अमदानीत, १९९२ साली, तेथे लागू झाला. छळाचा धोका आहे असे मानण्यास सबळ कारण असेल, तर त्या देशात कोणालाही परत धाडू नये, असे त्याचे तिसरे कलम सांगते. श्रीलंकेतील एका तमिळ गृहस्थाने याच कलमाचा आधार घेतला. बनावट प्रवासपत्राबद्दल त्याला शिक्षा झाली होती व पुढे हद्दपारीचा हुकूम निघाला होता. मायदेशी आपला छळ झाला, असे तो सांगत होता. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांच्या कार्यालयाने आरंभी त्याचा अर्ज नाकारला. शासनाने तेवढाच नकार प्रमाण मानला आणि स्वतः काहीही तपासले नाही.

८ जून २००४ रोजी अंतिम अपील न्यायालयाने ही पद्धत अमान्य केली. मुख्य न्यायाधीश अँड्र्यू ली यांच्या निकालाचा आशय असा, की येथे माणसाचा जीव आणि छळापासून मुक्त राहण्याचा त्याचा मूलभूत हक्क पणाला लागलेला असतो, म्हणून न्याय्यतेची कसोटीही उच्च हवी. दावेदाराला आपले म्हणणे सिद्ध करण्याची वाजवी संधी मिळावी, शासनाने स्वतंत्रपणे विचार करावा आणि नकार द्यायचा तर कारणे द्यावीत. दरम्यान, ज्या कार्यालयाने आरंभी नकार दिला होता त्यानेच या गृहस्थास निर्वासित म्हणून मान्यता दिली होती. पहिल्याच नकारावर त्याची रवानगी झाली असती, तर ती मान्यता निरुपयोगी ठरली असती.

आज तेथे दाव्याचा निर्णय प्रथम इमिग्रेशन खाते देते. नकार मिळाल्यास चौदा दिवसांत अपील मंडळाकडे जाता येते. मंडळानेही फेटाळल्यावर उच्च न्यायालयाच्या प्राथमिक शाखेकडे अर्ज करायचा असतो, तोही आधी परवानगीसाठी. निर्णयानंतर विलंब न लावता, आणि काही झाले तरी तीन महिन्यांच्या आत तो करावा लागतो. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवावे लागते. रिट अर्जाशी परिचित असलेल्या भारतीय वाचकाला यात फारसे नवखे काही वाटणार नाही.

खरी अडचण अर्जात काय लिहावे ही असते. बहुतेक अर्जदारांपाशी वकील नसतो. ते आपली मूळ कहाणीच पुन्हा लिहून काढतात, आणि अर्ज परवानगीच्या पायरीवरच संपतो. मंडळाने महत्त्वाचा पुरावा विचारातच घेतला नाही, दुभाष्याच्या चुकीमुळे जबानीला विसंगतीचा डाग लागला, त्या देशातील परिस्थितीविषयी जुनी माहिती वापरली, किंवा आक्षेपाला उत्तर देण्याची संधी दिली नाही, अशा प्रकारचे मुद्दे न्यायालय ऐकते. ‘मंडळाने माझ्यावर विश्वास ठेवला नाही’ एवढे म्हणणे पुरत नाही. मात्र जीवाचा प्रश्न असल्याने छाननी नेहमीपेक्षा कसोशीने व्हावी, हे ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८७ साली सांगितलेले तत्त्व तेथेही मानले जाते.

अर्जदार जिंकला तरी न्यायालय निर्णय रद्द करते, आणि दावा फेरविचारासाठी परत जातो. तेथे तो पुन्हा नाकारलाही जाऊ शकतो. हाँगकाँगमध्ये मान्य होणारे दावे शंभरात जेमतेम एकदोन आहेत. हरणाऱ्याची वाट तर अलीकडे अधिकच अरुंद झाली आहे. डिसेंबर २०२२ पासून, प्राथमिक शाखेने अर्ज फेटाळला की, वरच्या न्यायालयात अपील चालू असले तरी, सामान्यतः माणसाला परत धाडता येते.