आजीच्या शाळेपासून मिशिगनपर्यंत

एखादी तरुण स्त्री दूर देशी शिकावयास गेली, की तिच्या प्रवासाची कथा आपण बहुधा बंदरापासून सांगू लागतो. जहाज, समुद्र, परके शहर यांचे आकर्षण स्वाभाविकच आहे. परंतु तिला बंदरापर्यंत कोणी आणून सोडले, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. बंगळूरच्या राजेश्वरी चटर्जी यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आजीपासूनच द्यावे लागते. राजेश्वरी या कर्नाटकातील पहिल्या महिला अभियंता म्हणून ओळखल्या जातात. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेकडील, महासरोवरांच्या काठच्या मिशिगन राज्यात त्यांनी उच्च शिक्षण घेतले. तेथून परत आल्यावर त्यांनी बंगळुरात घर आणि प्रयोगशाळा ही दोन्ही एकदमच मांडली.

त्यांचा जन्म २४ जानेवारी १९२२ रोजी झाला. आजी कमलम्मा दासप्पा या म्हैसूर संस्थानातील पहिल्या काही महिला पदवीधरांपैकी एक होत. विधवांना आणि नवऱ्यांनी टाकलेल्या स्त्रियांना शिक्षण मिळावे, या कार्यास त्यांनी वाहून घेतले होते. मराठी वाचकास या ठिकाणी महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या आश्रमाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. महिला सेवा समाज या बंगळुरातील संस्थेच्या आश्रयाने कमलम्मांनी मैत्रिणींच्या साहाय्याने एक ‘विशेष इंग्रजी शाळा’ काढली. राजेश्वरी यांचे प्राथमिक शिक्षण याच शाळेत झाले. इतर घरांत मुलीचे शिक्षण लग्न ठरेपर्यंत चालावयाचे. या घरात शाळा ही आजीचीच होती. शिकणे हा घरातल्या नित्याच्या कामांपैकीच एक भाग होता. ज्या मुलीने आजीकडे शिकावयास येणाऱ्या निराधार स्त्रिया लहानपणापासून पाहिल्या, तिला शिक्षणाची किंमत निराळी समजावून सांगण्याचे कारण उरले नसावे.

शालेय शिक्षण संपल्यावर इतिहास घ्यावा की विज्ञान, असा विचार त्यांच्या मनात काही काळ होता. अखेर गणित आणि भौतिकशास्त्र यांचा पक्ष जड झाला. सेंट्रल कॉलेजातून गणित विषय घेऊन त्या बी. एस्‌सी. ऑनर्स व पुढे एम्‌. एस्‌सी. झाल्या. दोन्ही परीक्षांत त्यांनी म्हैसूर विद्यापीठात पहिला क्रमांक मिळविला. १९४३ मध्ये त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाल्या.

या संस्थेविषयी येथे थोडे विषयांतर करणे आवश्यक आहे. जमशेटजी टाटा यांच्या कल्पनेतून व देणगीतून आणि म्हैसूर दरबारने दिलेल्या जमिनीवर १९०९ मध्ये ही संस्था स्थापन झाली. बंगळुरातील जुनी माणसे तिला अजूनही टाटा इन्स्टिट्यूट असेच म्हणतात. राजेश्वरी तेथे येण्यापूर्वी दहा वर्षे, १९३३ मध्ये, एका मराठी मुलीने त्या दारावर धडक दिली होती. ती म्हणजे दुर्गा भागवत यांची भगिनी कमला भागवत, पुढच्या काळातील डॉ. कमला सोहोनी. त्यांचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने संपादन करूनही त्यांचा प्रवेशअर्ज नाकारण्यात आला, तो केवळ त्या स्त्री होत्या म्हणून. संस्थेचे तत्कालीन संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. कमलाबाईंनी नकार मानला नाही. संस्थेतच ठाण मांडून त्यांनी एक प्रकारचा सत्याग्रह आरंभिला, तेव्हा अटी घालून प्रवेश मिळाला. एक वर्षपर्यंत त्यांची गणना नियमित विद्यार्थ्यांत व्हावयाची नव्हती आणि त्यांच्या उपस्थितीने इतरांचे चित्त विचलित होता कामा नये, अशा त्या अटी होत्या. त्यांचे काम पाहून पुढे रामन यांचे मत पालटले व मुलींना प्रवेश देण्यास आरंभ झाला. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच्‌. डी. मिळविली. परंतु त्या अपमानाचा सल त्यांच्या मनातून पुढेही गेला नाही, आणि तो का जावा?

राजेश्वरी यांना दार उघडे मिळाले, ते अशा रीतीने कोणीतरी आधीच ढकलून ठेवले होते म्हणून. रामन यांच्याकडे संशोधन करावे, अशी त्यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. पदवी भौतिकशास्त्राची नाही, असे कारण त्या वेळी देण्यात आल्याचे त्यांच्या चरित्रविषयक लेखांतून सांगितले जाते. त्या विद्युत्‌ अभियांत्रिकीच्या विभागात, संदेशवहनाच्या शाखेत काम करू लागल्या. पुढे पाहता हा नकार त्यांच्या पथ्यावरच पडला, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे महायुद्ध संपले आणि दिल्लीत हंगामी सरकार आले. होतकरू तरुणांना परदेशी पाठवून शास्त्रीय शिक्षण द्यावयाचे, अशी योजना सरकारने हाती घेतली होती. राजेश्वरी यांनी इलेक्ट्रॉनिक्स व त्याचे उपयोग या विषयासाठी अर्ज केला आणि १९४६ मध्ये त्यांची निवड झाली. पंचविशीतील अविवाहित मुलीला एकटीने समुद्रापार पाठवावयाचे, ही त्या काळच्या कोणत्याही कुटुंबाची परीक्षाच होती. साठ वर्षांपूर्वी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास गेल्या, त्या पतीच्या आग्रहाने. राजेश्वरी यांच्या मागे पती नव्हता. आजीची परंपरा आणि सरकारी शिष्यवृत्ती एवढेच पाठबळ होते. जुलै १९४७ मध्ये त्या ‘मरीन ॲडर’ या जहाजाने निघाल्या. हे जहाज मुळात सैन्य वाहून नेण्यासाठी बांधलेले होते. प्रवास तीस दिवसांचा झाला. देश सोडताना त्या ब्रिटिश अमलाखालील प्रजाजन होत्या. पुढच्याच महिन्यात त्यांचा देश स्वतंत्र झाला.

त्यांचे मुक्कामाचे गाव ॲन आर्बर हे होय. डेट्रॉइट या मोटारींच्या कारखान्यांच्या शहरापासून ते पश्चिमेस सुमारे पासष्ट किलोमीटरवर, ह्यूरन नदीच्या काठी वसले आहे. गावाचे जीवन विद्यापीठाभोवतीच फिरते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा सदा सौम्य असते. अशा हवेत वाढलेल्या माणसास मिशिगनचा हिवाळा, जेथे पारा आठवडेच्या आठवडे गोठणबिंदूच्या खाली राहतो, हा नवाच अनुभव ठरतो. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकता यावे, असा कायदा अमेरिकेने १९४४ मध्ये केला होता. त्यामुळे त्या वर्षांत विद्यापीठ पुरुष विद्यार्थ्यांनी ओसंडून वाहत होते. मुलींच्या वसतिगृहांत रात्री परतण्याची वेळ ठरलेली असे व देखरेखीस गृहमाता असे. मिशिगन युनियन या विद्यार्थिभवनाच्या पुढच्या दाराने स्त्रीने एकटीने आत जावयाचे नाही, असा दंडक १९५० च्या दशकापर्यंत चालत होता. तिच्यासाठी बाजूचे दार होते. पुढारलेल्या देशांविषयीच्या आपल्या कल्पना किती भाबड्या असतात, हे या एका दारावरून दिसते. बंगळुरात दाराबाहेर बसून सत्याग्रह करावा लागला, ॲन आर्बरात बाजूच्या दाराने जावे लागले. फरक असलाच तर एवढाच.

तथापि याच विद्यापीठात आशियातील स्त्रियांसाठी एक निराळी सोय होती. लेव्ही बार्बर हे डेट्रॉइटचे वकील विद्यापीठाच्या नियामक मंडळावर होते. पूर्वेकडील देशांच्या प्रवासात त्यांना मिशिगनमध्ये वैद्यक शिकून मायदेशी रुग्णसेवा करणाऱ्या स्त्रिया भेटल्या. दोन चिनी डॉक्टर व एक जपानी, अशा त्या तिघी. त्यांचे काम पाहून बार्बर इतके प्रभावित झाले, की १९१७ मध्ये आशियाई स्त्रियांसाठी त्यांनी कायम शिष्यवृत्त्या ठेवल्या. शिकून झाल्यावर या स्त्रियांनी आपल्या देशातच काम करावे, हा त्यामागील हेतू. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांनी याच शिष्यवृत्तीवर शिकून १९३१ मध्ये मिशिगनची डॉक्टरेट घेतली होती. राजेश्वरी यांनी प्रथम विद्युत्‌ अभियांत्रिकीची मास्टर्स पदवी घेतली. सरकारी शिष्यवृत्तीच्या करारानुसार वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय मानक संस्थेत त्यांनी आठ महिने प्रत्यक्ष काम केले. रेडिओतरंगांची मापने अचूक कशी घ्यावी, हे त्या तेथे शिकल्या. १९४९ मध्ये त्या मिशिगनला परतल्या, त्या बार्बर शिष्यवृत्ती मिळवून. प्राध्यापक विल्यम गूल्ड डाऊ यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रबंध पूर्ण केला आणि १९५३ च्या आरंभी पीएच्‌. डी. घेऊन त्या मायदेशी आल्या.

त्यांचा विषय सूक्ष्मतरंगांचा. ज्या विद्युत्‌चुंबकीय तरंगांची लांबी साधारण एक मिलिमीटरपासून तीस सेंटिमीटरपर्यंत असते, त्यांना सूक्ष्मतरंग म्हणतात. ते साध्या तारेतून नीट वाहत नाहीत. वाटेतच पुष्कळशी शक्ती बाहेर निसटते. म्हणून त्यांच्यासाठी पोकळ धातूची नळी वापरतात. पाणी पन्हळीतून जावे, तसे ते तिच्यातून जातात. तरंग आखूड असल्याने लहानशा अँटेनाने त्यांचा झोत हव्या त्या दिशेस फेकता येतो, आणि समोरच्या विमानावरून तो परतला की विमान किती दूर आहे हे कळते. रडारचे तत्त्व ते हेच. युद्धकाळात हे ज्ञान गुप्त ठेवलेले होते. युद्ध संपल्यावर ते विद्यापीठांतून खुले झाले. राजेश्वरी नेमक्या या संधिकाळात तेथे पोहोचल्या होत्या.

बंगळुरात १९४६ मध्येच विद्युत्‌ संदेशवहन अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग सुरू झाला होता. १९५३ मध्ये राजेश्वरी तेथे अध्यापिका झाल्या. त्या वेळी संस्थेच्या अध्यापकवर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या, असे सांगितले जाते. त्याच वर्षी विभागातील सहकारी शिशिरकुमार चटर्जी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वधू कानडी, वर बंगाली, आणि दोघांचा विषय एकच. सूक्ष्मतरंगांवरील संशोधनाची प्रयोगशाळा या दांपत्याने मिळून उभारली. पतिपत्नींची नावे एकाच शोधनिबंधावर शेजारी शेजारी छापलेली संस्थेच्या नियतकालिकात वारंवार आढळतात. अशा संसारात घरचे बोलणे कोठे संपते आणि प्रयोगशाळेचे कोठे सुरू होते, हे शेजाऱ्यांस सांगता आले नसते. विद्युत्‌चुंबकीय सिद्धान्त, सूक्ष्मतरंग अभियांत्रिकी, रेडिओ अभियांत्रिकी हे विषय त्यांनी शिकविले. विमाने व अवकाशयाने यांच्यावर बसविण्याजोग्या अँटेनांवर त्यांनी विशेष काम केले. वीस विद्यार्थी त्यांच्या हाताखाली पीएच्‌. डी. झाले. शंभरांहून अधिक शोधनिबंध आणि सात ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. पुढे त्या विभागप्रमुखही झाल्या.

मिशिगनमध्ये राहून तेथेच स्थायिक होणे त्यांना अशक्य होते, असे नाही. त्यांच्यानंतरच्या पिढ्यांतील बंगळूरच्या असंख्य तरुणतरुणींनी तो मार्ग पत्करला, आणि त्यात दोष देण्यासारखे काही नाही. त्यांची कन्या इंदिरा चटर्जी यांनी आईवडिलांचाच विषय घेतला व अमेरिकेत नेव्हाडा राज्यातील रीनो येथील विद्यापीठात त्या विद्युत्‌ अभियांत्रिकीच्या प्राध्यापिका झाल्या.

राजेश्वरी १९८२ मध्ये निवृत्त झाल्या. त्यानंतर त्या वळल्या त्या स्त्रीप्रश्नांकडे. भारतीय स्त्री-अध्ययन संघाच्या त्या कार्यकर्त्या झाल्या. आजीने ज्या स्त्रियांसाठी शाळा काढली होती, त्यांच्याच लेकीसुनांची स्थिती आता नात अभ्यासू लागली. अँटेनावरील पाठ्यपुस्तकांबरोबर त्यांनी आपल्या घराण्याचा वृत्तान्तही लिहिला, तसेच भारतातील काही स्त्रीपुरुषांच्या खऱ्या कथांचे एक पुस्तक इंग्रजीत काढले. त्याला नाव दिले ‘वसुधैव कुटुम्बकम्‌’. ३ सप्टेंबर २०१० रोजी त्यांचे निधन झाले.