बाग मोडली, कागद राहिले

इतिहासाचा अभ्यास म्हटला म्हणजे शिलालेख, नाणीं, किल्ले आणि ताम्रपट आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. बागेलाही इतिहास असतो, हें मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. किल्ला पडला तरी त्याचे दगड उरतात. बागेचें तसें नाहीं. माळी गेला, पाणी तुटलें, कीं थोड्याच वर्षांत तिच्या जागीं रान माजतें, आणि ती कोणी व कोणत्या कल्पनेनें रचिली होती, हें सांगावयास कांहीं उरत नाहीं. मग बागेचा इतिहास राखावयाचा कसा? याचें उत्तर दोन स्त्रियांच्या चरित्रांत सांपडतें.

पहिल्या, इंग्लंडांतील गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२). चित्रकला व भरतकाम हे त्यांचे आवडते विषय. परंतु दृष्टि अधू झाल्यामुळें बारीक काम सुटलें. तेव्हां त्यांनीं जमीन हाच चित्रफलक आणि फुलें हेच रंग मानले. पुढें नवी दिल्लीची आंखणी करणारे वास्तुविशारद ल्युटेन्स यांच्या जोडीनें त्यांनीं अनेक घरांच्या बागा रचिल्या. त्यांच्या नकाशांत फुलझाडांचे लांबट ताटवे काढून, कोणतें रोप किती लावावयाचें, हें त्यांत लिहिलेलें असे. उतारवयांत तर कित्येक जागा त्यांनीं पाहिल्याही नाहींत; मालकानें धाडलेला आराखडा, छायाचित्रें व मातीचे नमुने यांवरूनच त्या रचना करीत.

दुसऱ्या, अमेरिकेंतील बीट्रिक्स फॅरंड (१८७२–१९५९). त्या स्वतः नामांकित उद्यानरचनाकार होत्या. जेकिलबाईंच्या मृत्यूनंतर त्यांचे नकाशे फॅरंडबाईंनीं विकत घेतले आणि मेन संस्थानांतील रीफ पॉइंट या आपल्या घरीं जपून ठेविले. तेथील बाग व ग्रंथालय विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडावें, अशी त्यांची इच्छा होती. परंतु आपल्यामागें या बागेची निगा राहील, अशी त्यांना खात्री वाटेना. अखेर १९५५ सालीं, वयाची ऐंशी वर्षें उलटल्यावर, त्यांनीं मन घट्ट करून ठरविलें कीं बाग मोडावयाची, पण ग्रंथ व नकाशे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संग्रहास द्यावयाचे. जन्मभर वाढविलेली बाग स्वहस्तें मोडतांना त्यांस काय वाटलें असेल!

या त्यागाचें फळ पुढें दिसून आलें. इंग्लंडांत हॅम्पशायर परगण्यांत अप्टन ग्रे नांवाचें खेडें आहे. तेथील एका जुन्या वाड्याची बाग जेकिलबाईंनीं १९०८ च्या सुमारास आंखली होती. पुढें ती रानांत बुडाली. १९८४ सालीं नव्या मालकांनीं बर्कलीहून त्या नकाशांच्या प्रती मिळविल्या, आणि ताटव्यामागून ताटवा लावून बाग पुन्हां उभी केली. हजारों मैल दूर राखलेल्या कागदांनीं मेलेली बाग जिवंत केली!

तथापि एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. नकाशावरून काय लावावयाचें योजिलें होतें, एवढेंच कळतें. काय जगलें आणि काय वाळलें, तें कळत नाहीं. त्यासाठीं छायाचित्रें, पत्रव्यवहार, रोपांच्या पावत्या आणि माळ्याच्या नोंदी हव्यात. हीं सारीं साधनें एकत्र राहतील, तेव्हांच बागेचा इतिहास पूर्ण होतो.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेच्या किंवा घराच्या अंगणांतही बाग असेल. यंदाच्या सुटींत तिचा एक नकाशा काढा. प्रत्येक झाडाचें नांव, तें कोणी व केव्हां लाविलें, तें विचारून लिहा. खालीं तारीख घालावयास विसरूं नका. एक प्रत शाळेच्या दप्तरांत कोरड्या जागीं, वाळवीपासून दूर ठेवा आणि दुसरी घरीं. झाड लावणारा पुढच्या पिढीस सावली देतो. त्याची नोंद राखणारा ती सावली कोणी दिली, हें तिला सांगतो.