वीज पायाळू पाहत नाही

मे महिना सरत येतो. सातपुड्यावर काळे ढग चढू लागतात. शहादा, तळोदा, धडगाव, अक्कलकुवा, सगळीकडे पेरणीची घाई सुरू होते. याच दिवसांत वीज पडते. पाऊस परत जाऊ लागला म्हणजे ती पुन्हा पडते.

वीज म्हणजे काय? ढगात बर्फाचे कण आणि पाण्याचे थेंब एकमेकांवर आदळतात. त्यातून वीज साठते. फार साठली की जमिनीकडे झेप घेते. उंच वस्तू तिला जवळ पडते. शेतात झाड उंच असते. झाड नसेल तर उभा माणूसच उंच ठरतो.

आपल्याकडे म्हणतात, वीज पायाळूवर पडते. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो. ढग गडगडले की पायाळू पोराला घरात घेतात. बाकीचे शेतातच राहतात. पोराला आत घेतले हे चांगले केले. पण बाकीचे बाहेर राहिले ही चूक झाली. कोण कसा जन्मला हे विजेला कळत नाही.

आता आमची गोष्ट सांगतो. आम्ही एका खेड्यात मास्तर होतो. एकदा तीसएक मुलांना शेत दाखवायला नेले. एकाएकी पाऊस आला. शाळा पाच मिनिटांवर होती. पण मुले भिजतील म्हणून आम्ही त्यांना बांधावरच्या महूच्या झाडाखाली उभे केले. वीज कडाडत होती. एक म्हातारा गुराखी म्हणाला, "गुरुजी, पोरांना इथं नका ठेवू."

आम्ही म्हणालो, "बाबा, जन्म गेला झाडाखाली उभं राहण्यात. काय झालं आम्हाला?"

पाऊस थांबला. आम्ही हसत परत आलो. चार दिवसांनी त्याच झाडावर वीज पडली. खाली तीन बैल बांधलेले होते. तिन्ही गेले. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. मुलांचे एकेक तोंड डोळ्यांपुढे येत राहिले.

आमचे चुकले कोठे? 'आजवर काही झाले नाही' हाच आम्ही पुरावा मानला. पण ज्याला काही झाले, तो सांगायला उरत नाही.

बिबट्या आल्याचे कळले की गाव रात्री एकटे शेतात जात नाही. विजेला मात्र आपण नेहमीची म्हणतो. नव्या गोष्टीची भीती वाटते, नेहमीच्या गोष्टीची जाते. म्हणून भीतीवर जाऊ नये, हिशेब करावा. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात विजेने २,८८७ माणसे गेली. त्याच साली रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ गेली. तेव्हा रस्ता मोठा धोका आहेच. पण विजेचा धोका वर्षभर नसतो. तो थोड्या तासांत येतो, आणि उघड्यावर राबणाऱ्यावर येतो. तेवढे तास सांभाळले की माणूस वाचतो. खर्च काय? थोडा वेळ काम थांबवायचे, एवढाच.

मग काय करावे?

१. गडगडाट ऐकू आला की काम सोडावे. पाऊस सुरू होण्याची वाट पाहू नये.

२. पक्क्या इमारतीत जावे. शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना चालेल. काचा लावलेली एस.टी. किंवा जीपही चालेल. मोटारसायकल आणि उघडा ट्रॅक्टर नको.

३. झाडाखाली थांबू नये. तळ्यात, नदीत, तारेच्या कुंपणाजवळ थांबू नये.

४. घरात नळाला, तारेच्या वस्तूंना हात लावू नये. चार्जिंगला लावलेला मोबाइल वापरू नये.

५. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास आतच थांबावे.

पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेचे 'दामिनी' नावाचे ॲप आहे. जवळपास वीज पडण्याचा धोका असला की ते मोबाइलवर इशारा देते. घरच्या पोराला सांगून ते घ्यावे.

कुणाला वीज लागली तर त्याला शिवायला भिऊ नये. त्याच्या अंगात वीज राहत नाही. शेणात, चिखलात पुरून वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोराने, भरभर दाबत राहावे. मेला असे वाटलेला माणूसही असा वाचू शकतो.

वहीत लिहा :

१. आपल्या शेतापासून जवळची पक्की इमारत कोणती?

२. तिथे चालत जायला किती मिनिटे लागतात?

लिहून झाले की घरच्या सगळ्यांना वाचून दाखवा. गुरे राखणाऱ्या पोराला आधी.